ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरायचं, इथं आधी मोजलं आणि मग काम केलं

कोल्हापुरात कुणाची गाडी ब्रेक मारताना थरथरत असेल तर डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) बदलायला हो म्हणायच्या आधी उद्यमनगरातल्या या गॅरेजात एकदा दाखवाच, पाचपैकी पाच स्टार देतेय आणि का देतेय ते नीट सांगते.

आमची 2017 ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. कोल्हापूर-रत्नागिरी कायम चालू असतं म्हणजे आंबा घाट आलाच, आणि तिकडचा पाऊस काय असतो ते सगळ्यांना माहितीये. प्रॉब्लेम असा की ऐंशीच्या पुढे असताना ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग हातात थरथरायचं, घाट उतरून ब्रेक तापले की जास्तच, आणि पाय काढला की एकदम शांत. दुसरीकडे चाकांचं बॅलन्सिंग अलाइनमेंट झालं, काडीचा फरक नाही. मग एका सर्व्हिस सेंटरने चाक न खोलताच दोन्ही डिस्क, पॅड (ब्रेक दाबला की डिस्कला दोन्हीकडून आवळतात ते) आणि लोअर आर्म (चाक खालून गाडीला जोडणारा दांडा) बदला म्हणून चौदा हजाराच्या वर एस्टिमेट हातात दिलं. लोअर आर्मचा रबरी बुश गेला की थरथर वाढते हे खरं आहे पण तो गेलाय की नाही हे बघायला तरी नको का? हे काही पटलं नाही म्हणून इथे आले.

इथल्या मिस्त्रींनी पाना हातात घ्यायच्या आधी प्रश्नच विचारले. "नुसती पळताना थरथरती का ब्रेक मारल्यावरच, ताई? स्टेअरिंगला जाणवतंय का सीटखाली? पायाला पेडल उडतंय का?" मग मला शेजारी बसवून हायवेला कागलच्या बाजूला नेली. नुसती पळताना गाडी स्मूथ, म्हणजे बॅलन्सिंगचा विषयच संपला. नंतर मोकळा रस्ता बघून, स्पीड कमी करून, हँडब्रेकचं बटन दाबून धरूनच लिव्हर हळूहळू वर घेतला, तर थरथर अजिबात नाही. आमच्या गाडीत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, म्हणजे ड्रम ठीक आणि दोष पुढच्या डिस्कला. दहा मिनिटांत एवढं कळलं. (हे स्वतः करून बघायचं तर रस्ता पूर्ण रिकामा पाहिजे आणि बटन सोडायचं नाही, नाहीतर मागची चाकं लॉक होतील.)

गॅरेजला आल्यावर चाक काढून डिस्कला डायल गेज (डिस्क किती डोलते ते काट्यावर दाखवणारं माप) लावला आणि हाताने डिस्क फिरवायला लागले, काटा कसा डोलतो ते मला वाकून बघायला लावलं. उजवीकडे ठीक होतं, डावीकडे डोल 0.13 मिमी. म्हणाले हे 0.05 च्या आसपास पाहिजे. मग खडूने खूण करून डिस्क बाहेर काढली तर मागे हबच्या (ज्याच्यावर डिस्क आणि चाक बसतं त्या भागाच्या) तोंडावर गंजाचा पापुद्रा, एका बाजूला जास्त एका बाजूला कमी. वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने हब घासून अगदी चकचकीत केला, तीच डिस्क त्याच खुणेवर परत बसवली, नट आवळून पुन्हा गेज लावला तर 0.04! डिस्क तीच, फक्त गंज गेला.

"डिस्क वाकली" असं सगळे सरसकट म्हणतात पण त्यांनी जे समजावलं ते मला फार पटलं. गंजामुळे डिस्क केसभर तिरकी बसते, मग ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्याला तिचा एकच भाग पॅडला घासून जातो, आणि हजारो किलोमीटर असं चाललं की तेवढ्याच जागी ती पातळ होते. मग ब्रेक दाबला की पॅड जाड-पातळ जागेवरून आत-बाहेर होतो आणि तेच धक्के स्टेअरिंगला आणि पेडलला येतात. मायक्रोमीटरने आठ जागी जाडी मोजली तर खरंच फरक निघाला. म्हणजे नुसता हब साफ करून भागणार नव्हतं. पण डिस्कच्या कडेला कंपनीनेच कमीत कमी जाडी कोरलेली असते, आमच्यावर 20 मिमी आहे आणि डिस्क 21.2 भरली, मग बदलायची कशाला? शेजारच्याच लेथ मशीनवर दोन्ही डिस्क हलका कट मारून, म्हणजे वरून थोड्या तासून सपाट करून आणल्या, 20.8 राहिल्या. हा उद्यमनगरचा मोठा फायदा, लेथवाला हाकेच्या अंतरावर.

डाव्या कॅलिपरची (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) एक स्लाइड पिन, ज्याच्यावर तो सरकतो ती, जाम होती ती पण सोडवली आणि सिलिकॉन ग्रीस लावलं, साध्या ग्रीसने रबराचा बूट फुगतो म्हणे. पॅड नवीन टाकले. आणि चाकाचे नट गनने धाडधाड न आवळता टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळता येतं असा पाना) समोरासमोरचे, दोन टप्प्यांत आवळले, कारण कमी-जास्त आवळले तरी डिस्क तिरकी होते. पंक्चरवाल्याकडे गेल्यावर हे लक्षात ठेवा!!

शेवटी परत हायवेला नेऊन साठवरून वीसपर्यंत असे बरेच ब्रेक मारले, मध्ये गाडी पूर्ण थांबवली नाही, नवीन पॅड बसावेत म्हणून. मला सांगितलं की पहिले दोन-तीनशे किलोमीटर गरज नसताना करकचून ब्रेक मारू नका, घाटात खालच्या गियरमध्ये उतरा, आणि तापलेल्या चाकावर पाणी मारू नका.

बिल पॅड 1900, लेथ 800, मजुरी 1200, एकूण 3900. त्यानंतर अख्खा पावसाळा आंबा घाटातून ये-जा झाली, स्टेअरिंग ढिम्म हलत नाही.

आता उणं काय ते पण लिहिते. बसायला जागा नाही, काम चालू असताना फोन उचलत नाहीत, आणि लेथवर नंबर असेल तर गाडी दिवसभर अडकते. बिल हाताने लिहून देतात पण मागितलं की जुने पॅड दाखवून परत देतात. आणि सगळ्यांना लेथच सांगतात असंही नाही, माझ्या आधी एक टुरिस्ट गाडी होती, तिच्या डिस्कला कडेला चांगली धार आली होती, जाडी मापाच्या खाली, ड्रायव्हर दादा कट मारून द्या म्हणून मागे लागलेला पण यांनी सरळ नाही सांगितलं, पातळ डिस्क तापून तडकते, नवीन आणा मगच बसवतो. शनिवारी जाऊ नका, फार गर्दी असते, मधल्या वारी सकाळी लवकर गाडी लावली तर संध्याकाळी मिळते.