गायकवाडी पलंगाचं शिसव

आधी आकडा सांगून टाकतो. ₹ २३,५०० गेले. बदल्यात गिटारसाठी सहा फळ्या आल्या आणि गिटारचा एक नकाशा. फळ्या खोट्या निघाल्या आणि नकाशाही खोटा निघाला. चौतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढलेल्या ड्राफ्ट्समनला कुणी नकाशावरून फसवावं, ही गोष्ट घरी अजून कुणी विसरू देत नाही.

निवृत्तीनंतर गिटार बनवायची हे मी नोकरीत असतानाच ठरवलं होतं. ‘ज्या बडोद्यात १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, तिथं राहून तुला विलायती डबा ठोकायचाय,’ हे थोरल्या भावाचं मत. पण कॉलेजात असताना दांडिया बाजारातल्या गणपतीच्या ऑर्केस्ट्रात मी गिटार वाजवायचो, आणि ते खूळ कधी गेलंच नाही. बनवायची तर ओएम-२८. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं १९२९ साली पेरी बेक्टेल नावाच्या बँजोवाल्याच्या आग्रहावरून आणलेली ही गिटार. मानेचे चौदा फ्रेट, म्हणजे सुरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या, बॉडीच्या बाहेर, पंधरा इंच रुंदीची आटोपशीर बॉडी, आत एक्स आकाराचं ब्रेसिंग, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या. त्या काळातली एखादी मूळ गिटार घ्यायची तर छोट्या फ्लॅटचे पैसे लागतील. म्हणून नकाशावरून प्रतिकृती.

मूळ गिटारच्या पाठीला आणि कडांना ब्राझीलचं रोजवुड असे. ते लाकूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारातून जवळजवळ बंदच आहे, आणि मार्टिननं स्वतः १९६९-७० च्या सुमाराला आपलं शिसव वापरायला घेतलं होतं. म्हणजे सह्याद्रीतलं लाकूड पेन्सिल्व्हेनियाला जाऊन गिटार बनून येतं, आणि आपण इथं बसून ते शोधत हिंडतो. शोध सोपा नाही. बाजारात ‘सीसम’ म्हटलं की कधी घाटावरचं शिसव हातात येतं, कधी उत्तरेकडचं शिसम. दोन्ही चांगली लाकडं, पण एक नव्हेत. शेवटी जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका ॲपवर मी ‘हवे आहे’ अशी नोंद टाकली.

दुसऱ्याच दिवशी फोन. मराठीत. बडोद्यात आमच्या चार पिढ्या गेल्या, तरी अनोळखी नंबरवरून कुणी ‘नमस्कार काका’ म्हटलं की आम्ही विरघळतो. हा आमचा सामाईक दोष आहे, आणि त्या माणसाला तो पक्का ठाऊक असावा. संभाषण मला शब्दशः आठवतं, कारण नंतर ते मी कितीदा तरी मनात उगाळलं.

‘जुनं शिसव आहे काका आपल्याकडे.’

‘कशाचं? तुळईचं की फर्निचरचं?’

‘फर्निचरचं.’

‘एवढी रुंद फळी म्हणजे पलंगबिलंग असणार.’

‘पलंगच आहे.’

‘गायकवाडी काळातला?’

यावर तो दोन सेकंद गप्प होता. मग म्हणाला, ‘तेच तर सांगत होतो काका. सरदारांच्या वाड्यातला.’

वाडा आणि सरदार तेवढे त्यानं पदरचे घातले, बाकी सगळं मीच पुरवलं. पुढे ‘क्वार्टरसॉन आहे का?’ हेही मीच विचारलं. म्हणजे टोकाच्या छेदात रेषा उभ्या, फळीच्या पृष्ठभागाला काटकोनात येतील अशी चिरलेली आहे का. त्याचं उत्तर ‘एकदम’. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, त्यात हा शब्द माझ्यापेक्षा जास्त वेळा होता. मला वाटलं, माणूस जाणकार दिसतोय.

₹ ९,००० आगाऊ मागितले. खातं त्याच्या नावावर नव्हतं, ‘मेव्हण्याचं आहे’ म्हणाला. तिथं मी थबकलो होतो. पण रात्री त्यानं न मागता नकाशाची फाइल पाठवली. ‘काका, १९३० च्या मूळ गिटारवरून मापं घेतलेला आहे. तुमच्यासाठी फ्री.’ मी फाइल उघडली आणि खलास. स्वच्छ रेघा, तीन छेद, ब्रेसिंगच्या प्रत्येक पट्टीची उंची, उजव्या कोपऱ्यात व्यवस्थित टायटल ब्लॉक. आयुष्यभर ज्या गोष्टीकडे बघून मी ‘हे काम नीट केलंय’ असं म्हणत आलो, ती समोर होती. एवढा देखणा नकाशा फुकट देणारा माणूस फळ्यांत कशाला फसवेल? पैसे पाठवले.

आठ दिवसांनी ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं फळ्या आल्या आणि मी उरलेले पैसे त्याच दुपारी भरले. पाठीच्या दोन, कडांच्या दोन, शिवाय ‘तुटफूट झाली तर’ म्हणून दोन जास्तीच्या. जांभळट तपकिरी रंग, काळ्या रेषा. टोकांना जाड काळपट मेण. हे मेण बघून मी खूशच झालो, कारण चांगलं लाकूड टोकाकडून चिरू नये म्हणून टोकं मेणानं बंद करायची पद्धत खरीच आहे. त्या पद्धतीचा दुसरा उपयोग माझ्या डोक्यात आला नाही. शिसवाच्या फळीचं खरं रूप टोकालाच दिसतं, आणि टोकच झाकलेलं होतं.

दुसरी खूण त्याहून बोलकी होती. पाठीच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून शेजारी ठेवल्या की रेषा आरशातल्यासारख्या जुळायला हव्यात. माझ्या इतक्या जुळल्या की मी बायकोला हाक मारून दाखवल्या. ती म्हणाली, ‘छापल्यासारख्या दिसतायत.’ मी हसलो. आता हसू येत नाही. करवतीनं फळी मधोमध चिरली की करवतच दोन-तीन मिलिमीटर लाकूड खाते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या रेषा थोड्या तरी सरकतात. केसाचाही फरक न पडता जुळतो तो व्हिनियर, म्हणजे पातीनं कापलेला लाकडाचा पातळ थर. तो कापताना भुसा पडतच नाही.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन मिनिटांत झाली असती. एक फळी ५२ सेंटिमीटर लांब, २० रुंद, ४ मिलिमीटर जाड. म्हणजे ४१६ घनसेंटिमीटर. शिसव घनसेंटिमीटरला साधारण ०.८ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे फळी ३३०-३४० ग्रॅमची हवी. माझी २४० ची होती. हा हिशेब मी केला, पण नंतर.

मी एक चाचणी केलीही होती. पांढरं फडकं स्पिरिटमध्ये बुडवून फळीवर घासलं. फडक्याला जांभळट रंग आला. रंग दिलाय की काय अशी शंका येऊन धस्स झालं, पण खऱ्या शिसवाचाही रंग स्पिरिटमध्ये सुटतो हे मला माहीत होतं. मग उलट खातरीच पटली. वरचा थर खरंच शिसवाचा होता. अर्धा मिलिमीटर.

पाठीची फळी शेवटी अडीच मिलिमीटरच्या आसपास आणावी लागते, कडा दोनच्या. एका रविवारी रंधा लावला. पहिल्या चार हातांत सुंदर जांभळ्या चिपट्या निघाल्या. पाचव्या हाताला रंध्याच्या तोंडातून पांढरट भुगा आला. मला वाटलं, पातं बोथट झालं. पातं घासून आणलं आणि फळीवर उजेड तिरका पाडून पाहिलं. मधोमध भाकरीएवढा फिकट पिवळा डाग होता आणि त्याच्या कडेनं शिसवाची साल उचलली गेली होती.

कोपऱ्यावरच्या सुतारकामवाल्या मिस्त्रींकडे फळी नेली. त्यांना मी आधी दाखवलीच नव्हती. गिटारचं लाकूड यांना काय कळणार, अशी माझी घमेंड. त्यांनी रंधाही लावला नाही. करवतीनं टोकाकडचं बोटभर कापलं, ताजा छेद बोटानं ओला केला आणि माझ्यापुढे धरला. मध्ये पांढरं लाकूड, वर आणि खाली पेन्सिलीच्या रेघेसारखे दोन काळे थर. ‘आ लाकडुं नथी साहेब, आ तो सँडविच छे.’ दहा सेकंदांचं काम होतं. एवढंच मी पैसे भरण्यापूर्वी केलं असतं, म्हणजे टोकाचं बोटभर कापून ओलं करून पाहिलं असतं, तर निदान मागाहून भरलेले ₹ १४,५०० वाचले असते. विकणारा कापू देत नसेल तर तिथंच उत्तर मिळालं.

घरी येऊन बसलो आणि मग नकाशाचा संशय आला. आमच्या धंद्यातला पहिला धडा असा की ड्रॉइंगवर माप लिहिलेलं असेल तर पट्टी लावायची नाही, लिहिलेलं माप खरं मानायचं. नकाशावर स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, लिहिली होती ६४५.२ मिलिमीटर, म्हणजे ओएमची २५.४ इंच, बरोबर. पहिल्यांदाच पट्टी लावली. नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाला तार टेकते तिथून, बाराव्या फ्रेटपर्यंत ३१६. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, म्हणजे ३२२.६ हवे होते. बाराव्यापासून सॅडलपर्यंत, म्हणजे बॉडीवर तार टेकते त्या पट्टीपर्यंत, ३२४ आणि वर थोडं. सॅडल दोन-तीन मिलिमीटर मागे ठेवतातच, तार दाबल्यावर सूर चढतो त्याची ती भरपाई असते. पण दोन भागांत आठचा फरक नाही.

उलगडा व्हायला रात्र गेली. १९३४ साली मार्टिननं याच बॉडीला ०००-२८ हे नाव देऊन स्केल २४.९ इंचांवर आणली, म्हणजे ६३२.५ मिलिमीटर. त्याचा निम्मा ३१६. कुणीतरी ०००चा फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेटची पट्टी, आणि ओएमचा ब्रिज, म्हणजे सॅडल बसते तो तुकडा, एका कागदावर चिकटवून वर १९३० लिहून दिलं होतं. त्यावर गिटार बनली असती तर बाराव्या फ्रेटवरचा प्रत्येक सूर जवळजवळ श्रुतीभर उतरलेला आला असता आणि मी जन्मभर माझ्या हातांना दोष दिला असता. बॉडीचा आकार दोन्हींचा एकच, त्यामुळे प्लायवुडचा साचा तेवढा वाचला. फळ्या खऱ्या असत्या तर मी पट्टी लावलीच नसती, हे मात्र डोक्यातून जात नाही.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. पण पैसे जाऊन तीन आठवडे झाले होते. ही हेल्पलाइन पहिल्या काही तासांत उपयोगी पडते, खात्यातून पैसे पुढे सरकण्याआधी. माल आलाय, फक्त वेगळा आलाय, अशा प्रकरणी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथंही नोंद केली. पावती नाही, पत्ता नाही, मेव्हण्याच्या खात्याचा नंबर तेवढा आहे.

त्याला मी रागानं साडेचार मिनिटांचा व्हॉइस मेसेजही पाठवला होता. करवतीच्या अंतराचं, मेणाचं, वजनाचं, सगळं समजावून सांगितलं. सवय. ज्युनियर पोरांची ड्रॉइंग तपासताना असंच बोलायचो. दोन निळ्या टिक आल्या आणि नंबर ब्लॉक झाला.

गेल्या आठवड्यात मिस्त्रींच्या मुलानं मला त्याच ॲपवरची एक नवी जाहिरात दाखवली. नाव वेगळं, फोटोतली सतरंजी तीच. ‘गायकवाडी काळातल्या सरदारी पलंगाचं शिसव. क्वार्टरसॉन. गिटारसाठी खास.’ आणि खाली एक नवी ओळ, ‘वजन प्रत्येक फळी ३४० ग्रॅम, स्वतः तपासून घ्या काका.’