अलीची सर्वोत्तम कामगिरी: डोळ्यांचं पारणं ह्यूस्टनला फिटतं, मत मात्र किन्शासाला

हेवीवेट मुष्टियोद्धा मुहम्मद अलीची सर्वोत्तम लढत कोणती, हा वाद निघाला की तीन चित्रफिती हटकून पुढे येतात: ह्यूस्टन 1966, किन्शासा 1974 आणि मनिला 1975. तिन्ही एका बैठकीत पाहून होतात. पण आधी एक गोष्ट सुटी करायला हवी. उत्तम लढत व्हायला दोघं लागतात, उत्तम कामगिरी एकट्याची असते. या फरकाकडे लक्ष दिलं की मनिलाचा निकाल लगेच लागतो.

1 ऑक्टोबर 1975 ची ती लढत थरारासाठी जरूर पाहावी. तिला 'रात्र' म्हणण्यात अर्थ नाही, अमेरिकेतल्या प्रक्षेपणासाठी ती सकाळी पावणेअकराला सुरू झाली होती. पहिल्या फेऱ्यांत अली एका जागी उभा राहून लवकर निकाल लावायच्या नादात दम खर्च करतो. मधल्या फेऱ्यांत प्रतिस्पर्धी जो फ्रेझर त्याला दोरांवर दाबून बरगड्यांवर डावे हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेले ठोसे) घालतो. मान धरून फ्रेझरला वाकवायची अलीची सवय तिथे पंच कार्लोस पादिया चालू देत नाहीत. शेवटच्या तीन फेऱ्यांत अली ज्या थकव्यातून परततो, तो पाहून अंगावर काटा येतो. पण निम्मी लढत त्याला फ्रेझरच्या मर्जीने खेळावी लागली होती. 14 व्या फेरीनंतर प्रशिक्षक एडी फच यांनी फ्रेझरला उठू दिलं नाही. फ्रेझरच्या एका डोळ्याची नजर आधीच अधू होती आणि दुसरा सुजून मिटत चालला होता. जिद्दीला पूर्ण गुण, कसबाला नाहीत.

ह्यूस्टनचं नेमकं उलटं. 14 नोव्हेंबर 1966, ॲस्ट्रोडोम, 35,460 प्रेक्षक, समोर क्लीव्हलँड विल्यम्स. शुद्ध तंत्र पाहायचं असेल तर यापेक्षा सरस सात मिनिटं हेवीवेटमध्ये सापडणं अवघड. अलीचे हात कमरेजवळ, डोकं अंतर मोजत मागे झुकलेलं, पाय डावीकडे फिरत राहिलेले. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, सुटतो तो खांद्यातून, कसलीही पूर्वसूचना न देता. मागे सरकणारा माणूस जोरात मारू शकत नाही, हा नियम इथे मोडलेला दिसतो. अली माघार घेता घेता क्षणभर थांबतो, विल्यम्सचं वजन पुढच्या पायावर आलेलं असतं आणि डावा-उजवा त्याच वजनाच्या विरुद्ध दिशेने बसतो. दुसऱ्या फेरीत विल्यम्स तीनदा खाली गेला, तिसऱ्या वेळी घंटेने वाचला. तिसऱ्या फेरीत आणखी एकदा पडला आणि 1 मिनिट 8 सेकंदांना खेळ थांबला. 'अली शफल' म्हणून गाजलेली पावलांची झटपट अदलाबदलही याच लढतीत दिसते. ती नुसती शोभा नाही. वजन कोणत्या पायावर आहे ते समोरच्याला कळत नाही आणि त्याची नजर खाली जाते.

मग मत ह्यूस्टनला का नाही? कारण पेपर सोपा होता. 1964 मध्ये पोलिसाच्या .357 मॅग्नम पिस्तुलातली गोळी विल्यम्सच्या पोटात शिरली होती. बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या, एक मूत्रपिंड आणि आतड्याचा काही भाग गेला. ॲस्ट्रोडोममध्ये उतरलेला विल्यम्स हा पूर्वीचा विल्यम्स नव्हता. ह्यूस्टनचे चाहते हा मुद्दा ऐकून 'पण अली तरी तिथे सर्वोत्तमच होता ना' म्हणतात. होता. अली त्या दिवशी काय करू शकत होता ते तिथे दिसतं. काय करावं लागलं असतं, ते विचारणारा कोणी समोर नव्हता.

(1964 ची सनी लिस्टनविरुद्धची मायामीची लढत या यादीत असायला हरकत नाही. चौथ्या फेरीत डोळ्यांत काहीतरी जाऊन पाचवी जवळजवळ आंधळेपणाने काढणं ही साधी गोष्ट नव्हे. पण लिस्टन सातव्या फेरीला स्टुलावरून उठलाच नाही, त्यामुळे चित्र अर्धवट राहतं.)

आता किन्शासा. 30 ऑक्टोबर 1974, पहाटे चारच्या सुमारास. जगज्जेता जॉर्ज फोरमन 25 वर्षांचा, 40 लढती, 40 विजय, त्यांपैकी 37 नॉकआउट. अली 32 वर्षांचा, मधली साडेतीन वर्षं बंदीत गेलेली, ह्यूस्टनचे पाय कायमचे मागे राहिलेले. अलीला हरवून दाखवलेल्या फ्रेझर आणि नॉर्टन या दोघांना फोरमनने दुसऱ्या फेरीच्या पुढे जाऊ दिलं नव्हतं.

या लढतीची जी गोष्ट सांगितली जाते ती अशी: अली दोरांवर रेलून मार खात राहिला, फोरमन दमला, आठव्या फेरीत अलीने त्याला झोपवलं. ही गोष्ट निम्मी खरी आहे आणि तिच्यामुळे कामगिरीची किंमत कमी होते. पहिली फेरी नीट पाहा. अली रिंगच्या मध्यभागी जाऊन सरळ उजवा हात मारतो, आधी जॅबही न देता. उजव्या पवित्र्यात (डावा हात पुढे, उजवा मागे) मागचा हात सर्वांत लांबून येतो आणि येताना दिसतो. म्हणून जगज्जेत्याविरुद्ध असा ठोसा आधी टाकायला कोणी धजत नाही. फोरमनच्या तयारीत तो नव्हताच. प्रत्येक ठोशानंतर अली मान धरून त्याला खाली ओढतो. एवढ्या अवजड माणसाचं वजन मानेने पेलायचं म्हणजे काय, ते सहाव्या फेरीपर्यंत फोरमनच्या पावलांत दिसू लागतं.

पहिल्याच फेरीत दुसरी गोष्ट उघड होते. फोरमन रिंग कापण्यात वाकबगार आहे. अली गोल फिरतो, फोरमन तिरका एक पाय टाकून वाट अडवतो. हा हिशेब ठरलेल्या 15 फेऱ्या परवडणारा नव्हता. दुसऱ्या फेरीपासून दोर येतात ते या गरजेतून.

दोरांवरचं काम बारकाईने पाहण्यासारखं आहे. फोरमनची खोड अशी की तो दोन्ही हात लांब करून समोरच्याला ढकलतो आणि मिळालेल्या अंतरातून रुंद वळणाचे ठोसे घालतो. दोरावर रेललेल्याला ढकलून उपयोग नाही, दोर ताणला जातो आणि अंतर तेवढंच राहतं. अलीचे हातमोजे गालांना, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, डोकं दोराबाहेर टप्प्यापलीकडे. बहुतेक हुक दंडांवर आणि कोपरांवर आदळतात. सगळे नाही, काही बरगड्यांत घुसतात आणि अली कळवळलेला दिसतो. फोरमनचे रुंद हात उघडले की मधल्या फटीतून अलीचे सरळ ठोसे तोंडावर. नुसता मार खाणारा माणूस गुणांवर पुढे नसतो. इथे लढत संपली तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांवर अली पुढे होता.

हाच डाव इतरांनी लावला तर बहुतेक वेळा अंगलट येतो, कारण ते फक्त झाकून घेतात. परतफेड नसली की पंच लढत थांबवतात, आणि समोरचा दमायच्या आधी आपलेच दंड बधिर होतात. फोरमनबाबत आणखी एक गोष्ट अलीच्या पथ्यावर पडली. आधीच्या तीन जगज्जेतेपदाच्या लढती मिळून त्याच्या पाच फेऱ्याही पूर्ण झाल्या नव्हत्या. दम राखून मारायची सवयच मोडली होती. मान धरण्याबद्दल पंच झॅक क्लेटन यांनी अलीला बरीच मोकळीक दिली, हा आक्षेप रास्त आहे आणि त्यासाठी थोडे गुण कापावेत.

शेवटही शक्तीपेक्षा वेळेचा आहे. आठव्या फेरीत फोरमन झेपावतो, तोल पुढे जातो, अली दोरावरून बाजूला निघून त्याची पाठ दोराकडे करतो. मग उजवे हात, डाव्या हुकने चेहरा वर उचललेला आणि त्यावर सरळ उजवा. 2 मिनिटं 58 सेकंद. पडल्यावरची पंचांची दहापर्यंतची मोजणी घाईने झाली अशी फोरमनची तक्रार होती, पण उठलेल्या माणसाचे पाय पाहता लढत फार लांबली नसती.

पाहायची तर किन्शासाची पूर्ण आवृत्ती शोधा. विश्रांत्या धरून जेमतेम अर्धा तास लागतो. झलक-संकलनं बहुतेक दोर आणि आठवी फेरी एवढंच दाखवतात, पहिली फेरी गाळतात. एकदा आवाज बंद करून पाहा, कारण हुक कोपरावर आदळला तरी आवाज मोठा होतो आणि कान फसतात. फोरमनचा सर्वांत मोठा भडिमार पाचव्या फेरीत आहे. तिथे ठोसे मोजायला बसा, पण फक्त चेहऱ्यावर बसलेले. फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटाला अली दोरावरून सुटतो, तिथे मोजणी कोणाच्या बाजूने झुकते ते पाहा.