जॉनी कॅशचे शेवटचे सहा अल्बम : आठ महिने ऐकल्यावर

मागच्या दिवाळीत जॉनी कॅश या अमेरिकन गायकाच्या 'अमेरिकन' मालिकेतले सहाही अल्बम सीडीवर जमवले. पाच वापरलेले मिळाले, एक नवा घेतला. त्यातल्या एकाचं कव्हर तुटून आलं, पण सीडीवर ओरखडा नव्हता. तेव्हापासून रात्री जेवणं झाली, ओटा आवरला की स्वयंपाकघरातल्या छोट्या प्लेअरवर एखादी लावते. पहिल्या आठवड्यातच या गाण्यांबद्दल भरभरून लिहिणार होते. थांबले ते बरं झालं, कारण तेव्हाचं माझं मत आज राहिलेलं नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगते. कॅशची पहिली रेकॉर्ड आली 1955 साली. तुरुंगात जाऊन कैद्यांसमोर गाणारा, काळ्या कपड्यांतला, खर्जातल्या आवाजाचा हा माणूस ऐंशीच्या दशकात मागे पडला आणि 1986 मध्ये त्याच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीने त्याला सोडून दिलं. पुढे रिक रुबिन भेटला. रुबिनचं नाव रॅप आणि हेवी मेटलच्या निर्मितीसाठी झालेलं. त्याने कॅशला समोर बसवलं, हातात गिटार दिली आणि आवडतील ती गाणी गायला सांगितली. 1994 चा पहिला अल्बम असाच झाला, बराचसा रुबिनच्या दिवाणखान्यात आणि कॅशच्या टेनेसीतल्या लाकडी घरात. एक आवाज, एक गिटार, बस्स. या मालिकेत स्वतःच्या गाण्यांइतकाच, किंबहुना जास्तच, त्याने इतरांच्या गाण्यांना आवाज दिला.

माझ्यासारखे बरेच जण इथे येतात ते 'हर्ट'मुळे. 2002 च्या चौथ्या अल्बममधलं हे गाणं मूळ ट्रेंट रेझनर या रॉक गायकाचं, त्याने तिशीच्या आत असताना लिहिलेलं. कॅशने ते सत्तरीत गायलं. मुकुटाच्या ओळीतली शिवी काढून त्याने तिथे येशूचा काट्यांचा मुकुट आणला आणि एका शब्दात ते गाणं थेट चर्चच्या बाकावर येऊन बसलं. शेवटी पियानोचा एकच सूर ठोकत राहतो, वाढत जातो आणि सगळं एकदम थांबतं. आजही मी ते हातात काही काम असताना ऐकू शकत नाही.

पण आठ महिन्यांनंतर मला त्याच अल्बममधलं दुसरं गाणं जास्त जवळचं झालंय. 'गिव्ह माय लव्ह टू रोझ'. हे कॅशचंच, 1957 चं. तुरुंगातून सुटून घरी निघालेला एक माणूस रुळांच्या कडेला मरायला टेकलेला सापडतो आणि भेटलेल्या अनोळखी माणसाला सांगतो, माझ्या रोझला माझं प्रेम सांग, मुलाला सांग की बापाला त्याचा अभिमान आहे. मूळ रेकॉर्डिंग पंचविशीतल्या कॅशचं आहे. तिथे तो आहे निरोप पोचवणारा. आवाज भरलेला, पावलं पक्की, तो रोझकडे जाणार याची खात्री वाटते. 2002 मध्ये तोच माणूस, तीच चाल, तेच शब्द, आणि आता गातोय तो रुळांच्या कडेला पडलेला. ओळीच्या शेवटी दम पुरत नाही. पुढची ओळ धरण्याआधी श्वास घेतलेला स्पष्ट ऐकू येतो आणि तो कुणी कापून टाकलेला नाही. एकही शब्द न बदलता गाण्यातलं पात्र बदललं! मला वाटतं, या सहा अल्बममधलं सगळ्यात मोठं 'कव्हर', म्हणजे आधीचं गाणं नव्याने गाणं, हेच, स्वतःच्याच गाण्याचं. त्याला त्यासाठी ग्रॅमीही मिळालं, पण मला ते नंतर कळलं.

एका रात्री हे चालू असताना आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "हे गृहस्थ आजारी आहेत का गं?" त्यांना इंग्रजी येत नाही. मी म्हटलं, "हो आई, फार." त्या म्हणाल्या, "राहू दे. बंद नको करू."

सगळंच असं जमलेलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. चौथ्या अल्बममधलं 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' मला आजही पटत नाही. ते गाणं पायरी पायरीने वर चढायला हवं, आणि कॅशकडे तेव्हा ती चढण उरली नव्हती. गायिका फिओना अ‍ॅपल साथीला असूनही ते जागच्या जागी राहतं. उलट 'पर्सनल जीझस' या डेपेश मोड बँडच्या गाण्यातला यंत्रांचा गजर काढून टाकला आणि गिटारवर ठेवलं, तर ते जुन्या ब्लूजसारखं चालायला लागलं. ध्वनिमुद्रणाबद्दल एक तक्रार : चौथ्याचा आवाज जरा जास्तच चढवलाय. हेडफोनवर 'हर्ट'च्या शेवटी सूर फाटल्यासारखे वाटतात. छोट्या स्पीकरवर, बेताच्या आवाजात हा त्रास होत नाही. पहिला अल्बम मात्र हेडफोनवरच ऐका, तारेवरून सरकणारं बोटही ऐकू येतं.

पाचवा अल्बम आला 2006 मध्ये, कॅश गेल्यानंतर जवळपास तीन वर्षांनी. त्याची बायको जून कार्टर मे 2003 मध्ये वारली आणि त्याच सप्टेंबरच्या 12 तारखेला तो. मधल्या चार महिन्यांतही तो गात राहिला. वाद्यं बरीचशी नंतर भरली आहेत. यात 'लाइक द 309' आहे, त्याने लिहिलेलं शेवटचं गाणं. आपली शवपेटी ज्या आगगाडीने न्यायची, त्या गाडीचं. स्वतःला लागलेली धापसुद्धा त्याने त्यात शब्दांत घातलीय आणि गाताना ती खरोखरची लागलेली आहे.

घ्यायचं झालं तर पहिला आणि चौथा आधी घ्या, मग पाचवा. सहावा सगळ्यात शेवटी घेतला तरी चालेल. आणि एक करा. 1955 च्या त्याच्या पहिल्याच रेकॉर्डवर 'हे पोर्टर' आहे, तेही गाडीचंच. त्यात एक पोरगा डब्यातल्या हमालाला सारखा विचारत असतो, दक्षिणेतला आपला मुलूख यायला अजून किती वेळ आहे. ते लावा आणि लगेच '309' लावा. मी परवा लावलं, तेव्हा सासूबाई बाहेर येऊन ओट्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मघाचा पोरगा कोण गं?"