मिशिगन स्टेडियमचा एक सीझन: कुठली मॅच तिकीट काढून, कुठली घरी बसून

वातावरणाला पाचापैकी पाच, बसायच्या सोयीला दोन आणि वेळापत्रकाला जेमतेम एक. अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन स्टेडियममध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संघाचा कॉलेज फुटबॉलचा (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) सीझन बघायचा तर हे गुण डोक्यात ठेवूनच पैसे खर्च करावेत. कँटन, नोव्हाय, ट्रॉय या डेट्रॉइटच्या उपनगरांकडे नव्याने राहायला आलेल्या मंडळींना पहिलंच तिकीट शेजारच्या राज्यातल्या कट्टर वैरी ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या मॅचचं हवं असतं. तिथेच चुकतं. तिकीट सर्वांत महाग, शनिवार सर्वांत थंड, आणि आजूबाजूचे लाखभर लोक नेमके कशावर चिडलेत ते कळायला लागणारी दोन-तीन महिन्यांची पूर्वतयारी शून्य.

आधी जागेबद्दल. 1927 साली सुरू झालेल्या या स्टेडियमची अधिकृत क्षमता आज 1,07,601 आहे. शेवटचा 1 मुद्दाम ठेवलेला: आधी प्रशिक्षक आणि मग क्रीडा संचालक असलेल्या फ्रिट्झ क्रिसलर यांच्या मानाची ती एक जागा, आणि ती नेमकी कुठली हे कुणी सांगत नाही. नोव्हेंबर 1975 पासून, कोविडचं 2020 साल सोडलं तर, इथल्या प्रत्येक मॅचला लाखाच्या वर माणूस जमतो. 7 सप्टेंबर 2013 ला नोटर डेमविरुद्ध 1,15,109 जण होते. एवढा पसारा बाहेरून दिसत मात्र नाही, कारण स्टेडियमचा बराचसा भाग जमिनीत खोदलेला आहे. 2010 मध्ये दोन्ही लांब बाजूंना महागड्या कक्षांच्या इमारती उठल्या, तेवढ्याच काय त्या उंच दिसतात. दारातून आत शिरलं की आपण वरच्या टोकाला असतो आणि बारवेत उतरावं तसं पायऱ्या पायऱ्यांनी खाली जायचं.

याचा सरळ व्यावहारिक अर्थ असा, की कमी नंबरची ओळ म्हणजे जास्त उतार. खाद्यपदार्थ आणि स्वच्छतागृहं वर, त्यामुळे विसाव्या ओळीतला माणूस चहा-कॉफीसाठी उठला तर पन्नासेक पायऱ्या चढून जाणार आणि तेवढ्याच उतरून येणार. आई-वडील भारतातून आलेले असतील, त्यांचे गुडघे बोलत असतील, तर साठाव्या ओळीच्या वरचंच तिकीट घ्या. पहिल्या दहा ओळी तर कुणीच घेऊ नयेत. मैदानाच्या कडेला राखीव खेळाडू, प्रशिक्षक, कॅमेरेवाले अशी भिंत उभी असते, आणि चेंडू पलीकडच्या बाजूला गेला की मोठ्या पडद्याकडेच बघत बसावं लागतं. 30 ते 60 या ओळी, मैदानाच्या लांब बाजूला, शक्यतो पश्चिमेकडच्या: दुपारचं ऊन पाठीवर येतं. पूर्वेकडे बसलेल्यांच्या ते डोळ्यांत जातं. गोलपोस्टच्या मागच्या, कोपऱ्याकडच्या उंच जागा स्वस्त असतात आणि वाटतात तेवढ्या वाईट नसतात. खेळ आपल्याकडे येताना खेळाडूंमधल्या फटी कशा उघडतात ते तिथूनच नीट दिसतं.

बसायला खुर्ची नाही. अ‍ॅल्युमिनियमचा लांब बाक आणि त्यावर नंबर. एका माणसाच्या वाट्याला दीड फूट धरा. सप्टेंबरमध्ये टी-शर्टवर सगळे मावतात. नोव्हेंबरमध्ये सगळ्यांनी जाड जॅकेटं चढवली की दहा जणांच्या जागेत नऊच बसतात. दहावा उशिरा येतो, त्याच्याकडेही खरं तिकीट असतं, मग अख्खी ओळ तिरकी बसते. म्हणून थंडीच्या मॅचला अर्धा तास आधी जाऊन आपला नंबर धरा. बूड गार पडू नये म्हणून पातळ गादी लागतेच, पण खरी थंडी तळपायातून चढते. पायाखाली टाकायला पुठ्ठ्याचा तुकडा मोठमोठ्या बुटांपेक्षा जास्त कामाचा. छत्री आत नेता येत नाही, पाऊस असेल तर टोपीचा रेनकोट. बॅगांचे नियम कडक आहेत आणि बदलत असतात, निघायच्या आदल्या दिवशी वाचा.

तिकीट फोनवरच असतं. लाखभर फोन एका जागी जमल्यावर नेटवर्क बसतं, तेव्हा दाराशी उभं राहून तिकीट उघडायला जाऊ नका, घरीच फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा. थंडीत बॅटरीही झपाट्याने उतरते. विद्यार्थ्याकडून तिकीट घेत असाल तर ते सर्वसाधारण तिकिटात बदलून दिलंय का ते आधी विचारा, त्याचे वेगळे पैसे पडतात. विद्यार्थ्यांच्या भागात पूर्ण वेळ उभं राहावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

आता खेळ. पंधरा मिनिटांचे चार भाग म्हणजे तासाभराचा सामना, असा हिशेब करून पार्किंगचं मीटर लावणारे फसतात. साडेतीन तास धरा. मधली विश्रांती 20 मिनिटांची, आणि टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ पुन्हा पुन्हा थांबतो. घरी तेवढ्यात पोहे परतून होतात, स्टेडियममध्ये बावीस खेळाडू आणि लाख माणसं नुसती उभी. बसायच्या सोयीचे गुण कापलेत त्यात हेही धरलंय.

वातावरणाला पाच गुण का, ते ‘थर्ड डाउन’ला कळतं. चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचं, हा मूळ नियम. चौथ्या प्रयत्नाला बहुतेक संघ चेंडू लांब लाथाडून देतात, म्हणून तिसरा प्रयत्न खरा निर्णायक. प्रतिस्पर्ध्याचा तिसरा प्रयत्न आला की सगळं स्टेडियम उठून ओरडतं, कारण त्यांच्या क्वार्टरबॅकची (खेळी पुकारून चेंडू हाताळणाऱ्या खेळाडूची) हाक त्याच्याच साथीदारांना ऐकू जाऊ नये. कुणीतरी वेळेआधी हलतं आणि पाच यार्डांचा दंड बसतो. तो दंड प्रेक्षकांनी कमावलेला. उलट चेंडू मिशिगनकडे असताना गप्प बसायचं. नवखे लोक नेमके तेव्हाच जल्लोष करतात आणि पुढच्या ओळीतले आजोबा वळून बघतात. पुरुषोत्तमच्या ‘आवाज कुणाचा’वर घसा तापलेल्यांना ही शिस्त शिकायला एक मॅच पुरते. मॅचच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी जागेवर असा: बोगद्यातून बँड धावत येतो, त्यांचा म्होरक्या कंबरेतून मागे वाकून डोकं जमिनीला टेकवतो, आणि नंतर निळे खेळाडू उड्या मारून बॅनरला हात लावत मैदानात शिरतात. हेल्मेटवरचे पिवळे पंख 1938 मध्ये क्रिसलरनी आणले.

सीझन बारा मॅचचा, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत. त्यातल्या सात-आठ घरच्या. सुरुवातीला ‘बिग टेन’ या मिशिगनच्या गटाबाहेरच्या दुबळ्या संघांशी मॅच असतात. तिकीट स्वस्त, हवा छान, निकाल ठरलेला. (नेहमीच नाही. 2007 मध्ये अ‍ॅपलाचियन स्टेटने इथे येऊन 34-32 असं हरवलं होतं.) पहिल्या अनुभवासाठी ऑक्टोबरमधली बिग टेनच्या मधल्या फळीतल्या संघाविरुद्धची मॅच घ्या: झाडं रंगलेली, तिकीट परवडणारं, सामना खरा.

वेळापत्रकाला एकच गुण दिला त्याचं कारण टीव्ही. तारीख महिनोन् महिने आधी कळते, वेळ नाही. दुपारी 12, साडेतीन की रात्री, हे वाहिन्या बहुतेकदा 12 दिवस आधी ठरवतात, कधी फक्त 6 दिवस आधी. शिकागोहून येणाऱ्याने हॉटेल कसं ठरवायचं? त्यातल्या त्यात ओहायो स्टेटची मॅच दुपारी 12 ला धरायला हरकत नाही.

त्या मॅचबद्दल. पहिली गाठ 1897 ची. 1969 ते 1978 या दहा वर्षांत मिशिगनचे प्रशिक्षक बो शेम्बेक्लर आणि ओहायो स्टेटचे वुडी हेज समोरासमोर होते. पहिल्याच वर्षी बोंनी अव्वल नंबरच्या ओहायोला 24-12 असं हरवलं, आणि दशकाचा हिशेब 5-4-1 असा बोंच्या बाजूने निघाला. ओहायो स्टेटच्या कोलंबसमध्ये आजही त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल फुल्या मारतात. या वैराचं वजन समजायला 2024 चं साल पुरेसं आहे. मिशिगनचा सीझन यथातथा, तरी कोलंबसला जाऊन 13-10 असा सलग चौथा विजय. मैदानात झेंडा रोवण्यावरून हाणामारी, पोलिसांचा तिखट फवारा, दोन्ही विद्यापीठांना 1-1 लाख डॉलर दंड. पुढे जानेवारीत ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेते झाले, तरी मिशिगनवाला त्यांना 13-10 च ऐकवतो.

या मॅचला टीव्हीच बरा, आणि त्याचं एक ठोस कारण आहे. 2016 मध्ये कोलंबसला सामना दुसऱ्या जादा डावात गेला. ओहायोचा चौथा प्रयत्न, हवा होता एक यार्ड. क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेट नेमका कुठे अडवला गेला, यावर पंचांनी चेंडू ठेवला आणि तो बोटभर फरकाने पुरेसा ठरला. पुढच्याच खेळीत टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार), ओहायो 30-27. व्हिडिओ तपासूनही निर्णय कायम. असे क्षण ऐंशीव्या ओळीतून दिसतच नाहीत, घरी सहा कोनांतून दिसतात आणि वाद घालायला शेजारी बसलेलाही असतो. तरीही प्रत्यक्ष बघायचीच असेल तर विषम सालांत ती अ‍ॅन आर्बरला असते.

2020 पासून सम सालांत इथे मिशिगन स्टेट, म्हणजे याच राज्यातलं दुसरं विद्यापीठ, येतं. राज्यातलंच भांडण, एकाच ऑफिसात दोन्ही बाजूंचे लोक, त्यामुळे सोमवारचे टोमणे जास्त झोंबतात. लोककथेतला लाकूडतोड्या पॉल बनियन, त्याच्या पुतळ्याचा करंडक 1953 पासून. प्रत्यक्ष जाऊन बघायला वैराची मॅच हीच निवडावी. तिकीट ओहायोइतकं चढत नाही आणि मॅच बहुधा हाडं गोठण्याआधी असते. लवकर उठून गाडीकडे पळू नका. 17 ऑक्टोबर 2015 ला 10 सेकंद उरली असताना मिशिगन 23-21 पुढे होतं, फक्त चेंडू लाथाडायचा होता. मिशिगनच्या ब्लेक ओनीलच्या हातून तो सुटला, मिशिगन स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सनने उचलून 38 यार्ड पळवला, 27-23. पार्किंगमध्ये पोहोचलेल्यांना ते फक्त ऐकू आलं.

मिनेसोटाशी वैर सौम्य, पण वस्तू गमतीची: 1903 मध्ये 30 सेंटना घेतलेला पाण्याचा बुधला. यजमानांच्या पाण्यावर भरवसा नव्हता म्हणून मिशिगनने विकत घेतला आणि तिथेच विसरला. परत मागितला तर ‘जिंकून न्या’ असं उत्तर आलं. 1909 मध्ये जिंकून आणला.

कपड्यांचं एक बघा. ओहायोच्या दिवशी लाल स्वेटर आणि मिशिगन स्टेटच्या दिवशी हिरवं जॅकेट कितीही निरागसपणे घातलं, तरी दिवसभर ऐकून घ्यावं लागेल.

घरी बघायचं तर अमेरिकेत फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी साध्या अँटेनावर फुकट दिसतात. एफएस1 आणि बिग टेन नेटवर्क केबलवर. काही मॅच फक्त पीकॉक या स्ट्रीमिंग अ‍ॅपवर, त्या महिन्यापुरतं सभासदत्व घ्या. पुण्या-मुंबईहून मुलाच्या कॉलेजची मॅच फॉलो करणाऱ्यांसाठी वेळा: दुपारी 12 ची मॅच म्हणजे आपल्याकडे रात्री 9:30, साडेतीनची म्हणजे मध्यरात्री 1, रात्री साडेसातची म्हणजे पहाटे 5. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, मग सगळ्यात एक तास मिळवा. ओहायोची मॅच त्यामुळे रात्री 10:30 ला.

पोहोचण्याचं. गाड्या समोरच्या पायोनियर हायस्कूलच्या आवारात आणि जवळच्या गोल्फ मैदानांवर लागतात, गल्ल्यांतले रहिवासीही अंगणात पैसे घेऊन लावू देतात. बाराच्या मॅचला साडेआठला पोहोचलात तर डिकी उघडून खाण्यापिण्याचा कार्यक्रम निवांत होतो. वडे नेले तर गरम राहत नाहीत आणि मऊ पडतात. भडंग, थालीपिठं, लोणचं जास्त टिकतं. डाउनटाउनला गाडी लावून चालत आलं तर अर्धा तास, पण परतताना तोच शहाणपणा ठरतो. स्टेडियमलगतच्या गाड्या तासभर जागच्या हलत नाहीत. डाउनटाउनपासून जवळच डेट्रॉइट स्ट्रीटवर 1982 पासूनचं झिंगरमन्स आहे. सँडविच महाग आणि प्रचंड, दोघांत एक पुरतं, शाकाहारी पर्याय आहेत, आणि मॅच संपल्यावर रांग दाराबाहेर असते, तेव्हा आधीच खाऊन घ्या.