हिरवी रेघ फुकटात गेली, काचेचे सातशे मात्र गेलेच

दहा महिने या फोनबद्दल काही तक्रार नव्हती. स्पेसिफिकेशन तुम्हाला पाठ असतील, ते सोडा. एका रात्री अपडेट झालं आणि सकाळी बघतो तर स्क्रीनच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत केसाएवढी हिरवी रेघ. फोन पडला नाही, भिजला नाही. दुपारी तिच्या शेजारी एक गुलाबीही उगवली.

आधी अपडेटला शिव्या घातल्या. मग स्क्रीनशॉट काढून बायकोच्या मोबाइलवर पाठवला, तर त्यात रेघच नाही! म्हणजे चित्र धड आहे, बिघाड पॅनेलमध्ये. अ‍ॅमोलेडमध्ये, म्हणजे या फोनच्या स्क्रीनच्या प्रकारात, पिक्सेलच्या (रंगीत ठिपक्यांच्या) उभ्या ओळींना सिग्नल पोचवणारी जोडणी काचेच्या कडेला असते. ती कुठे सैल झाली की अख्खी ओळ एकाच रंगात पेटून राहते. कस्टमर केअरने नेमका स्क्रीनशॉटच मागितला, तेव्हा हे समजावण्यात माझी वीस मिनिटं गेली. फोटो दुसऱ्या मोबाइलने काढून ठेवा.

कराडात कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, म्हणून एस.टी.ने सातारा. बिल, टोकन, दीड तास बाकड्यावर. काउंटरवरच्या पोराने सिम ट्रे काढून आत टॉर्च मारला. तिथे एक बारीक पट्टी असते, पाणी गेलं की लाल होते. ‘‘पांढरी आहे काका, वाचलात.’’ मग भिंग घेऊन कोपऱ्यावरचा ओरखडा शोधला आणि म्हणाला, ‘‘हे फिजिकल डॅमेजमध्ये धरतील, साडेदहा हजार होतील.’’ ओरखडा कव्हरच्या कडेचा, काचेला काही नाही. मी भांडलो नाही. म्हटलं, वॉरंटी का नाकारली ते जॉबशीटवर (दुरुस्तीच्या पावतीवर) लिहा, शिक्का मारा. मी बाहेर जाऊन 1915 ला फोन लावतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर त्यालाही पाठ असावा. आत गेला, दहा मिनिटांनी आला, ‘अप्रूव्ह’. (नसता आला तर जिल्हा ग्राहक आयोग होताच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी लागत नाही.)

आता खरा मुद्दा. टेम्पर्ड ग्लास, म्हणजे स्क्रीनवर वरून चिकटवायची काच.

साडेतीनशेची, दोनच महिन्यांपूर्वी लावलेली. डिस्प्ले बदलला की तीही जाते, कारण जुना डिस्प्ले कंपनी ठेवून घेते. म्हटलं, काढून द्या, घरी लावतो. पोरगं हसलं, ‘‘एकदा काढली की परत चिकटत नाही काका.’’ बरं, बिघाड तुमचा, मग काचेचा भुर्दंड मला का? जॉबशीटवर ‘अ‍ॅक्सेसरीज वॉरंटीत नाहीत’ असं मुंगीच्या अक्षरात छापलेलं दाखवलं.

चार दिवसांनी फोन मिळाला. सेंटरच्या बाहेरच नवी काच लावली, पुन्हा साडेतीनशे. घरी येऊन अंगठा टेकवतो तर फिंगरप्रिंट घेईना, आणि रात्री ब्राइटनेस कमी केला तर खालची तीन बोटं जागा पिवळट. इथवर मी एक स्टार ठरवून बसलो होतो.

तीन आठवड्यांनी: दुसऱ्या फेरीत एक वयस्क इंजिनिअर भेटले. त्यांनी वाद न घालता पांढरं पान उघडलं, हाताची सावली धरली आणि म्हणाले, ‘‘पिवळा आहे, बदलतो.’’ डिस्प्ले बदलल्यावर फिंगरप्रिंटचा सेन्सर कॅलिब्रेट करावा (नव्याने जुळवावा) लागतो, तो पहिल्या वेळी राहून गेला होता. त्याच संध्याकाळी फोन हातात. हा डिस्प्ले मूळच्यापेक्षाही पांढराशुभ्र आहे, फिंगरप्रिंट आधीपेक्षा झटपट. म्हणून चार स्टार. पाचवा त्यांनी काचेत घालवला, कारण दुसरी काचही जुन्या डिस्प्लेबरोबर गेली. एकूण सातशे.

तुम्ही जाल तेव्हा बॅकअप घेऊन जा, माझा डेटा पहिल्याच फेरीत पुसला. आणि पिवळेपणा, फिंगरप्रिंट हे सगळं काउंटरवरच तपासा. काच नंतर लावा.

मी आता ऑनलाइन नव्व्याण्णवची मागवली, स्वतःच लावली. बायको म्हणाली, ‘‘अहो, बाहेरून लावून आणा,’’ पण आता जिद्दीचा प्रश्न होता. वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथून ती हिरवी रेघ निघायची बरोबर तिथेच, एक बुडबुडा राहिलाय. एटीएम कार्डाने दाबून बघितला, हलत नाही.