वेणी ओढणारी बाई आणि पाच डझनाची पेटी : नऊ महिने 'व्हील ऑफ टाइम' ऐकल्यानंतर

एक बाई आहे. राग आला की ती स्वतःची वेणी ओढते. 'व्हील ऑफ टाइम' या इंग्रजी अद्भुतकथेच्या चौदा जाडजूड पुस्तकांत ती किती वेळा ओढते, यावरून इंग्रजी वाचकांनी तिची भरपूर टर उडवून झाली आहे. मीही काही वर्षांपूर्वी मुंबईच्या नणंदेकडून पहिला भाग आणून वाचायला घेतला, तेव्हा तिसऱ्या वेणीला पुस्तक मिटलं होतं. तीच बाई गेल्या नोव्हेंबरपासून जुलैपर्यंत माझ्या डाव्या कानात मुक्कामाला होती. आता ती नाही तर घर रिकामं वाटतं.

आम्ही देवगड तालुक्यातले. घरची हापूसची कलमं, थोडं भात, थोडा काजू. माझी दहावी मराठी माध्यमातली. इंग्रजी वाचता येतं, पण एका पानाला चहा गार होतो. म्हणून ऑडिओबुकचं सदस्यत्व घेतलं तेव्हा हेतू साधा होता : हात कामात, कान मोकळे, इंग्रजी सुधारेल. महिन्याला एक क्रेडिट, एका क्रेडिटला एक पुस्तक, मग ते पाच तासांचं असो नाहीतर चाळीस. कोकणातल्या माणसाने अशा वेळी काय निवडायचं हे सांगायला नको. रॉबर्ट जॉर्डनच्या या मालिकेचा पहिला भाग, 'द आय ऑफ द वर्ल्ड', तीस तासांचा आहे. चौथा आणि सहावा चाळीसच्या पुढे. सगळी मिळून साडेचारशे तासांच्या आसपास जातात. एरवी रोज दीड-दोन तास आणि आंब्याच्या दिवसांत तीनपर्यंत, असं करत मी ते संपवले. महिन्याच्या क्रेडिटांत चौदा भाग बसत नाहीत, त्यामुळे काही सुटे विकत घ्यावे लागले, हेही लिहून ठेवते.

गोष्ट थोडक्यात सांगायची तर एका आडगावात बाहेरून एक विद्या जाणणारी बाई आणि तिचा तलवारवाला सोबती येतो. गावातल्या पोरांपैकी एकावर जगाचा भार आहे असं ती म्हणते, आणि पोरं गाव सोडतात. या जगात काळ चाकासारखा फिरतो, युगं येतात, जातात, परत येतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, चार युगांचा हिशोब आपण आजीच्या मांडीवर शिकलो. खरी मजा वेगळ्या ठिकाणी आहे. बायकांची विद्या शुद्ध, आणि पुरुषांच्या विद्येला बाधा झालेली. जो पुरुष ती वापरेल तो वेडा होणार. हे मी पेट्या भरताना शेडमधल्या बायकांना सांगितलं तेव्हा असं हसणं उठलं की बाहेर गवत आणणारे आमचे हे आत डोकावून गेले.

वाचणारे दोघं आहेत, मायकल क्रेमर आणि केट रीडिंग. खऱ्या आयुष्यात ते नवरा-बायको. प्रकरण पुरुषाच्या नजरेतून असेल तर क्रेमर वाचतो, बाईच्या नजरेतून असेल तर रीडिंग. त्यामुळे पहिल्या वाक्यालाच कळतं की आता आपण कोणाच्या डोक्यात बसलो आहोत. तोटा असा की एकाच पात्राला दोन गळे मिळतात, आणि सुरुवातीच्या भागांत काही नावांचे उच्चारही इकडचे तिकडे होतात. पहिला आठवडा मला एकच माणूस दोन वाटला. वेग ०.९ ठेवला, मग जमलं. सहाव्या भागापर्यंत १.१ वर आले, इंग्रजी सुधारल्याचा एवढा पुरावा मला पुरे. टीव्ही मालिकेत ती विद्यावाली बाई झालेल्या रोझमंड पाइकने पहिली काही पुस्तकं नव्याने वाचली आहेत. नमुना ऐकला, सुंदर वाचते, पण तोवर मला क्रेमरच्या खर्जाची सवय लागली होती.

आता वेणीकडे येते.

आमच्याकडे जत्रेला दशावतार मध्यरात्रीच्या सुमाराला उभा राहतो आणि पहाटे संपतो. समोरची निम्मी माणसं मध्येच पेंगतात, पोरं तर चादरीत गुंडाळून आडवी झालेली असतात. पण डोळा उघडला की दोन मिनिटांत कळतं, खेळ कुठे आला आहे. कारण राजा आला की तो आधी आपण कोण, कुठले, कशासाठी आलो हे खणखणीत सांगतो. स्त्रीपार्टी पदराशी हात नेऊन उभा राहतो, तो दर प्रवेशाला तसाच. संकासूर बोलण्याआधीच ओळखू येतो. लिहिलेली संहिता कोणाच्या हातात नसते. आख्यान ठरतं आणि नट उभ्या उभ्या संवाद रचतात. अशा खेळात खुणा परत परत लागतात, नाहीतर पेंगणारा माणूस कायमचा हरवला.

यंदाच्या जत्रेत मी पहाटे तीनला डोळे चोळत बसले होते, तेव्हा डोक्यात उजेड पडला. जॉर्डनची माणसंही अशीच येतात. नायनीव्ह वेणी ओढते, दुसरी कोणी घागऱ्याच्या चुण्या सारखी करते, गाव सोडलेल्या पोरांतला मॅट स्वतःच्या नशिबाची बडबड करतो. कागदावर हे तिसऱ्यांदा आलं की डोळा चिडतो, कारण डोळ्याला ते आठवत असतं. कानाला आठवत नसतं. मी मध्येच उठून कुकर बंद करून येते, सासूबाईंची गोळी देते, परत येते तोवर दृश्य बदललेलं असतं. कुठे आहोत, कोण बोलतंय? तेवढ्यात कोणीतरी वेणी ओढतं. सापडलं! वेणी म्हणजे तिचा प्रवेश. पानावर जो दोष म्हणून गाजला, तो ऐकणाऱ्याला रस्त्यावरच्या मैलाच्या दगडासारखा उपयोगी पडतो.

याच हिशोबाने मालिकेतल्या सगळ्यात बदनाम भागांबद्दलही माझं मत उलटं आहे. सातव्या-आठव्यापासून दहाव्यापर्यंत गोष्ट रांगते, अशी सगळ्यांची तक्रार असते. दहावा, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट', २००३ साली आला, तेव्हा लोक दोन वर्षांहून जास्त वाट पाहत होते. आणि हातात आलं काय, तर नवव्याच्या शेवटी जे मोठं घडलं ते इतरांना लांबून कसं जाणवलं, याचीच लांबण. त्यांचा संताप मला समजतो. पण मी तो भाग ऐकला एप्रिलच्या शेवटी, गवतावर मांडी घालून, समोर आंब्याचा ढीग. एक फळ उचलायचं, देठ बघायचा, डाग बघायचा, वजन हातालाच कळतं, मग पाच डझनाच्या पेटीत की सहाच्या हे ठरवायचं, डागी बाजूला कॅनिंगला. दुपारभर हेच. अशा कामाला वेगवान गोष्ट चालत नाही. लढाई सुरू झाली की माझा हात थांबतो आणि सहाची फळं पाचात जातात, हे माझ्या नावावर एकदा झालेलं आहे. बाजारच्या भावावरून घासाघीस, राजवाड्यातलं चहापाणी, कोणी कोणता झगा घातला, हे मात्र आंब्याबरोबर मस्त चालतं. रांगणारी गोष्ट रांगणाऱ्या कामाला हवी. रात्री डोळे ताणून वाचणाऱ्याने मात्र दहाव्याचा सारांश शोधून पुढे जावं, मी नावं ठेवणार नाही.

शेडमधल्या मावशी हळूहळू यात ओढल्या गेल्या. "काय झाला गो त्या वेणीवालीचा आज?" हा रोजचा प्रश्न. सांगताना मला मालवणी शब्द शोधावे लागायचे आणि ते हाताशीच निघायचे. विद्यावाल्या बाईचा जो शपथेने बांधलेला रक्षक असतो, त्याला इंग्रजीत वॉर्डर म्हणतात. मी राखणदार म्हटलं, आमच्याकडे गावाची राखण करणाऱ्या देवाला म्हणतात तसं. कोणालाही पुढे काही समजवावं लागलं नाही, उलट त्याला नारळ कधी देतात असं एकीने विचारलं.

फक्त कानावर अवलंबून राहिलं तर एका गोष्टीत दगा होतो, ती म्हणजे नावं. शेकडो आहेत. मी वहीत ऐकू येईल तसं देवनागरीत लिहीत गेले : म्वारेन (ती गावात आलेली विद्यावाली), एग्वेन, आइझ सेडाय (म्हणजे सगळ्या विद्यावाल्या बायका, हे आधी 'आय सदाय' असं लिहिलं होतं). मग नणंदेचं पुस्तक परत काढलं, तर त्यात म्वारेनचं स्पेलिंग असं काही की मी तिला दुसरीच बाई समजून दोन पानं वाचली. नकाशाही कानाला दिसत नाही. तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी पहिला भाग तरी कागदावर जवळ ठेवावा. पुढे नकाशा आहे, मागे शब्दांची यादी उच्चारांसकट आहे. मी नकाशाचा फोटो छापून शेडच्या भिंतीला लावला, औषध फवारणीच्या वेळापत्रकाशेजारी.

अकरावा, 'नाइफ ऑफ ड्रीम्स', हा जॉर्डनने स्वतः पूर्ण केलेला शेवटचा भाग. २००७ च्या सप्टेंबरात तो गेला. मालिकेचा शेवट आणि ढीगभर टिपणं ठेवून गेला. त्याची बायको हॅरिएट मॅक्डूगल हीच त्याची संपादक. तिने ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं. उरलेलं एक पुस्तक होणार होतं, त्याची तीन झाली : २००९, २०१० आणि २०१३. वाचणारे तेच दोघं असल्याने लेखक बदलल्याचा धक्का कानाला कमी बसतो, पण बसतो. मॅटचे विनोद बाराव्यात एकदम परक्या माणसाच्या तोंडचे वाटतात. वेग मात्र भन्नाट वाढतो. चौदाव्यातली शेवटची लढाई हे दोनशेच्या आसपास पानांचं एकच प्रकरण आहे. ते मी लावणीच्या दिवसांत ऐकलं, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत फोन, तरवा काढता काढता. चिखलात उभं राहून रडणारी बाई कोणी पाहिली असेल तर पाऊस होता असं समजा.

अॅपबद्दल बोलायचं तर ऐन एप्रिलमध्ये त्याने मला आपोआप बाहेर काढलं. परत लॉगिन करायचं तर नेटवर्क हवं, आणि आमचं घर खाली वहाळाजवळ, तिथे रेंज नावाला. उतरवून ठेवलेली पुस्तकंही उघडेनात. सड्यावर चढून, कातळावर फोन वर धरून लॉगिन केलं, तर पुस्तकं नव्याने उतरवायला सांगितलं. चांगल्या दर्जाचं तीस तासांचं पुस्तक पाऊण-एक जीबी असतं. तीन दिवस गेले. तक्रारीला उत्तर आलं ते फोन बंद करून चालू करा. तेव्हापासून दर आठवड्याला तालुक्याला गेले की पुढचे दोन भाग उतरवून ठेवते आणि अॅप उगाच अपडेट करत नाही.

इअरफोन वायरचा घेऊ नका, करंडीत अडकतो. बिनवायरचा, आणि एकाच कानात. आंब्याचा चीक बोटांना असतो, त्यामुळे बटण दाबायचं नाही. माझा एक चिकाने बाद झाला. एकाच कानात का, तर दुसरा कान घरासाठी लागतो. सुरुवातीला दोन्ही लावले होते, तेव्हा सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या : "कवापासून हाक मारतंय, ऐकाक येणा नाय काय गो तुका?" झोपताना टायमर लावून ऐकायची हौस दोन रात्रींत फिटली, सकाळी अख्खं राज्य बदललेलं असायचं.

मधल्या काळात इतरही चाखून पाहिलं. टोल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' रॉब इंग्लिसच्या आवाजात, तो त्यातली गाणी खरोखर गातो. अँडी सर्किसचं नवं वाचन जास्त नाट्यमय आहे, पण मला म्हाताऱ्याने शेकोटीशी सांगितल्यासारखं इंग्लिसचंच आवडलं. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचा पाचवा भाग २०११ चा, सहाव्याची लोक अजून वाट बघतात. अर्धवट आख्यानाला मी बसत नाही. मराठीत एवढं लांब, असंच ऐकायला मला सापडलं नाही. आजेसासऱ्यांच्या पेटीत नाथमाधवांचं 'वीरधवल' आहे, ते कोणीतरी रात्रभर पुरेल असं वाचावं, मी पैसे मोजून ऐकेन.

सध्या सँडरसनच्याच 'स्टॉर्मलाइट'चा पहिला भाग चालू आहे, 'द वे ऑफ किंग्ज', पंचेचाळीस तास, वाचणारे पुन्हा तेच नवरा-बायको. त्या जगात पूर्वेकडून प्रचंड वादळं येतात, बहुतेक मुलूख उघडा खडक, गवत धोका दिसला की बिळात शिरतं आणि जनावरांना कुर्ल्यांसारखी कवचं. लेखकाने यासाठी किती डोकं लढवलं असेल, आणि मी ऑगस्टमध्ये सड्यावर उभी राहून म्हणते, बरं, मग? फक्त आमचं वादळ पश्चिमेकडून येतं. अडचण एवढीच की शेडच्या पत्र्यावर सर आली की क्रेमर दिसतो तेवढाच, म्हणजे पडद्यावर नाव. आवाज पुरा चढवला तरी ऐकू येत नाही. मग पॉज करायचं आणि सर जायची वाट बघायची. काल असं अकरा वेळा केलं आणि प्रकरण अजून तिथेच आहे.