तयार ॲक्रिलिक संप: आठ महिने वापरल्यावर

माशांच्या चार फुटी टाकीखाली हा चार कप्प्यांचा तयार संप (टाकीचं पाणी गाळून परत वर पाठवणारी खालची पेटी) बसवून आठ महिने झाले. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर पाचपैकी एकच तारा दिला असता. आज चार देते. एक का कापला ते मात्र नीट सांगते, कारण संपासोबत आलेल्या पुस्तिकेच्या भरवशावर राहिलं तर फरशी भिजल्यावरच चूक कळते.

माझी टाकी १२० बाय ४५ बाय ५० सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ २७० लिटर. आत सहा एंजल मासे आणि कोरीडोरास या छोट्या माशांचा एक घोळका. संप ७५ बाय ३५ बाय ४० चा. वरून आलेलं पाणी आधी फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) पडतं, मग सिरॅमिक रिंगांमधून जातं, पुढे तीन पडद्यांतून वर-खाली होत रिटर्न कप्प्यात येतं आणि तिथला पंप ते परत टाकीत फेकतो. बांधणीबद्दल तक्रार नाही. जोड स्वच्छ, कडा घासलेल्या, सॉकची चौकट एका हाताने निघते.

चौथ्या रात्री लाईट गेली. लेक पाणी प्यायला उठली आणि ओरडली, "आई, कपाटाखालून पाणी येतंय!" टॉर्च मारला तर संपाच्या काठावरून पाण्याचा पातळ पापुद्रा खाली उतरत होता, अजिबात आवाज न करता. वर टाकीतली पातळी उतरत उतरत नोझलपाशी (पंपाचं पाणी टाकीत सोडणाऱ्या तोंडापाशी) आली, नोझलने हवा ओढली, तेव्हा कुठे थांबलं.

पंप बंद पडला की रिटर्नचा पाइप उलटा सायफन होतो, म्हणजे पाणी त्यातून आपोआप खाली ओढलं जातं, आणि नोझल उघडं पडेपर्यंत टाकी खाली रिकामी होत राहते. माझ्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ५.४ लिटर. नोझल ६ सेंटिमीटर बुडलेलं होतं, म्हणजे ३२ लिटर खाली येणार. संप मी 'मॅक्स' रेषेपर्यंत, ३० सेंटिमीटर भरलेला. वर उरलेल्या १० सेंटिमीटरमध्ये २६ लिटर मावतात. बाकीचं फरशीवर. ती रेषा संप बघून आखलीय, वरची टाकी केवढी आणि नोझल किती खोल याचा त्यात विचारच नाही. ग्राहक सेवेला कळवलं तर उत्तर आलं, "रेषेच्या खाली ठेवा आणि चेक व्हॉल्व्ह बसवा." पाणी उलटं येऊ न देणारा हा व्हॉल्व्ह बसवलेलाच होता! उघडून पाहिला तर झडपेच्या कडेला मोहरीएवढी गोगलगाय अडकली होती. तेवढ्या फटीतून सगळं पाणी उतरलं.

मग मी घाबरून रिटर्न कप्प्यातली पातळी २० सेंटिमीटरपर्यंत खाली आणली आणि दुसरं दुखणं सुरू झालं. तिसऱ्या दिवशी टाकीत बारीक बुडबुडे, उन्हात धूळ दिसते तसे. एंजल पंख मिटून मागच्या कोपऱ्यात. मला वाटलं पंप खराब झाला. पंप खोलला, इम्पेलर (आतली फिरती पाती) व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ब्रशने साफ केला, फरक शून्य. शेवटी संपासमोर मांडी घालून बसले आणि नुसतं बघत राहिले. तीस सेंटिमीटर उंचीची शेवटची पडदी ओलांडून पाणी धबधब्यासारखं कोसळत होतं आणि पंपाच्या तोंडाशी छोटा भोवरा फिरत होता. टाकीतून दिवसाला अडीच लिटर पाणी उडतं. ती घट ना टाकीत दिसते ना बाकीच्या कप्प्यांत, सगळी रिटर्नमध्येच दिसते. हा कप्पा अवघा २० बाय ३५ चा, म्हणून पातळी रोज साडेतीन सेंटिमीटर खाली. तीन दिवसांत पंप हवा ओढणारच. माझा एक तारा या अरुंद कप्प्यासाठी गेला. मीडियाच्या (रिंगांच्या) कप्प्यातून दहा सेंटिमीटर इकडे दिले असते तरी चाललं असतं.

दोन्ही दुखण्यांवर उपाय एकच निघाला. नोझल वर उचललं, आता ते पाण्याखाली फक्त २ सेंटिमीटर आहे. लाईट गेली तर ११ लिटर खाली येतात, त्यामुळे रिटर्न बिनधास्त २८ सेंटिमीटरपर्यंत भरता येतो. धबधबा गेला, बुडबुडे दुसऱ्या दिवशी नाहीसे झाले. पंप मुद्दाम बंद करून पाणी कुठवर चढतं ते पाहिलं आणि तिथे मार्करने माझी स्वतःची रेषा ओढली. संप कुठलाही घ्या, मासे सोडण्याआधी ही चाचणी कराच. पाइपला भोक पाडून सायफन तोडता येतो, पण ते भोक शेवाळाने बुजतं. नोझलची उंची तशी दगा देत नाही.

पंपावर ताशी २००० लिटर छापलंय, पण ते पाणी वर चढवायचंच नसेल तेव्हाचं. माझ्याकडे सव्वा मीटर चढतं. बादली लावून मोजलं, १० लिटरला ३३ सेकंद, म्हणजे ताशी साधारण ११००. टाकीच्या चौपट, मला पुरेसं. सॉक २०० मायक्रॉनचा, चार दिवसांनी धुवावा लागतो, नाहीतर पाणी त्याच्यावरून वाहतं आणि घाण थेट रिंगांवर बसते.

टाकीतून संपात उतरणाऱ्या पाइपचा आवाज अजून पूर्ण गेलेला नाही. वरच्या टोपीतलं हवेचं भोक मोठं ठेवलं की गुळगुळ, फार आवळलं की पाणी तुंबून एकदम भसकन ओढलं जातं. मधली जागा सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. पाइपचं खालचं टोक संपाच्या पाण्यात फार खोल होतं, ते कापून ३ सेंटिमीटरवर आणल्यावर बराच फरक पडला. सॉक बदलल्यावर दहा मिनिटं गुळगुळ होते, मग आपोआप शांत.